पाणी पिणारा घुमट

ही हकिकत ऐकून कोणी विश्वास ठेवला, तर मी मिशा उतरवून देईन. आजवर माझ्या मिशा शाबूत आहेत. तामलवाडीच्या पारावर सांगितली, लोक हसले. तुळजापुरात देवीची आण घेऊन सांगितली, तिथंही हसले. अणुभट्टीतलं भूत सास्तूरच्या शिवारात उतरलं, पाणी प्यायलं, निळा जाळ ओकलं आणि मग भिंतींना धरून रडलं. यातला एक शब्दही पदरचा नाही. फक्त कोंबड्यांचा मजकूर थोडा फुगवलाय, तेवढा सोडून द्या.

राजेश्वरी तुळजापूरला आली तेव्हा चंद्रप्रभाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. बाईंनी सारा जन्म अणुभट्टीवर नोकरीत घालवला. निवृत्त होऊन माहेरच्या गावी परतल्यावर इतरांनी देवधर्म सुरू केला असता; यांनी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. त्यांचा मावसभाऊ अंबादास निवृत्त कारकून. तो गाडी चालवायचा, सामान उचलायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा.

"बाई," राजेश्वरी उंबऱ्यातूनच म्हणाली, "भूत घालवायचं काम तुमी घेता का?"

"भुताचा पत्ता माहीत असेल तर घेते. बस. पाणी पी."

पाण्याचं नाव काढताच ती दचकली. तिच्या हाताला धरून आलेली सृष्टी आईच्या पदराआड गेली.

मग तिनं सांगितलं. सास्तूरजवळच्या वस्तीवर तिचं सासर. त्र्याण्णवच्या भूकंपात सासरची बरीच माणसं जुन्या गावात दगडमातीखाली गेली. नवीन गाव बसलं तेव्हा कुठल्याशा संस्थेनं सासऱ्यांना, ज्ञानोबांना, सिमेंटची घुमटासारखी खोली बांधून दिली. त्या खोलीत कुणी राहिलं नाही. ती मेलेल्यांची झाली. दर पितृपंधरवड्यात तिथं रोज दिवेलागणीला दिवा आणि तांब्याभर पाणी ठेवायचं, ही घरची रीत. पुढे सोलर आलं, तशा त्याच्या मोठाल्या बॅटऱ्याही त्याच गार खोलीत गेल्या.

"माझे मालक, युवराज, मागल्या साली हायवेवर अपघातात गेले. शुक्रवारी त्यांची तिथी होती. मामंजी दिवा घेऊन आत गेले. निळा उजेड पडला, आन् धाडकन दार अंगणात येऊन पडलं. मामंजी सोलापूरच्या दवाखान्यात हायेत. अजून शुद्ध न्हाय."

"काय भाजलंय त्यांचं?"

"तोंड, केस आन् उजवा हात. धोतराला डागबी न्हाय."

"आणि भिंती? काळ्या पडल्या?"

"न्हाय बाई. ओल्या झाल्या. वरून पाणी निथळत होतं. सासूबाई म्हणल्या, आपली माणसं रडली."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"लोक म्हणत्यात, मालकांचं भूत माझ्यामागं हाय," राजेश्वरी म्हणाली. "उद्या सकाळी भावकी बसणार. मला आन् सृष्टीला कायमचं माहेरी लावणार. जमिनीत हिच्या बापाचा वाटा हाय, बाई. आमी एकदा उंबरा सोडला की तो गेलाच म्हणायचा."

"अंबादास, गाडी काढ."

"भुताकडं जायचं?" अंबादासनं विचारलं. आणि गाडी काढताना पुन्हा विचारलं, "भुताकडंच ना?"

*

वाटेत अंबादासनं विषय काढला. "अक्का, तू अणुभट्टीत नेमकं काय करायचीस? विजेचं?"

"वीज दुसरे करायचे. आम्ही छप्पर उडू नये म्हणून बसलेलो. अणुभट्टीत पाणी कमी पडलं, इंधनाच्या नळ्या लाल झाल्या, की वाफेशी त्यांची झोंबी होते आणि हायड्रोजन सुटतो. भट्टी बंद केली तरी नळ्यांची धग जात नाही. हायड्रोजन सगळ्यात हलका. हळूहळू सुटला की वर जातो आणि छताशी थर धरून बसतो. ठिणगी मिळाली की संपलं. जपानात इमारतींची छपरं उडाली ती अशीच."

"मग तुम्ही काय करायचा?"

"हवा ढवळत ठेवायची, म्हणजे थर धरत नाही. काही ठिकाणी इमारतीत नायट्रोजनच भरून ठेवतात, जळायला प्राणवायूच नको. भिंतींवर पेट्या बसवतात. त्यातल्या पत्र्यांवर हायड्रोजन गुपचूप प्राणवायूला भेटतो आणि त्याचं पाणी होतं. त्यांना वीज लागत नाही, माणूस लागत नाही. आणि कुठं कुठं मुद्दाम ठिणग्या ठेवतात, थोडा थोडा जाळून टाकायला. साठू द्यायचा नाही, एवढंच काम. जन्मभर आम्ही एका घुमटाच्या टोकाकडं बघत बसलो, अंबादास."

"घुमट?" अंबादासनं ब्रेक दाबला. "तिथं बी घुमट?"

*

वस्तीवर शुकशुकाट होता. म्हणतात की शुक्रवारपासून तिथला एकही कोंबडा आरवला नव्हता, आणि कोंबड्यांनी अंडी घालायची ती सुद्धा शेजारच्या गावात जाऊन. हाच तो फुगवलेला मजकूर.

घुमट अंगणाच्या टोकाला एकटा उभा होता, दार नसलेला, वासलेल्या तोंडासारखा. जरा वारं सुटलं आणि आतून खोल, लांबलेला हुंकार आला. अंबादास तीन पावलं मागं सरकला.

"टोकाला भोक आहे," बाई म्हणाल्या. "वारा त्यावरून जातोय. रांजणाच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं."

आत वरचा गिलावा तडकून खाली आला होता. डोक्याच्या वर, वळत गेलेल्या भिंतीत एक रिकामा कोनाडा होता आणि सगळ्यात जास्त तडे त्याच्या भोवती. खालचं मात्र जागच्या जागी. बॅटऱ्या ओळीनं उभ्या, पणतीच्या खापऱ्या जमिनीवर, आणि कोपऱ्यात तांब्या तसाच, काठोकाठ भरलेला.

बाईंनी बॅटरीचं एक झाकण उघडून टॉर्च मारला. पाणी तळाला गेलं होतं.

"यात पाणी कोण घालतं?"

"मीच," राजेश्वरी म्हणाली. "पंधरवडा लागायच्या आधी भरलं, मधी पुन्यांदा भरलं. तरी आटतंय. रातच्याला कान दिला तर आतून सूं सूं आवाज. लई माणसं एकदम कुजबुजल्यासारखा."

दारात धुरपदाबाई उभ्या होत्या, ज्ञानोबांची बायको. डोळे कोरडे, आवाज त्याहून कोरडा.

"ढिगाऱ्याखाली पाणी पाणी करत गेली ती माणसं," त्या म्हणाल्या. "दोन दिस आवाज येत व्हता. माझ्या नणंदेचा तर मला ओळखू यायचा. आमाला दगड उचलंनात. आता येऊन पित्यात, पिऊ द्या."

पुन्हा वारं सुटलं आणि घुमट हुंकारला.

"आजी, हा असा नेहमीच घुमतो का?" बाईंनी हळू विचारलं.

"आधी घुमायचा. पोळ्यापासनं गप झाला. तवाच मी वळखलं, कुणीतरी आत येऊन बसलंय. शुक्रवारी फुटला आन् पुन्हा घुमाय लागला."

"शुक्रवारी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. पण पाठमोरी. दिव्याकडं आमी बगत न्हाय."

"दिवा कुठं ठेवतात?"

"खाली, भुईवर. आमची माणसं मातीखाली गेली, दिवा बी मातीलगतच. तीस वर्स झाली, त्यात बदल न्हाय."

"राजेश्वरी, पंधरवड्यात रोज दिवा तूच लावलास?"

"व्हय. आन् मला काय झालं न्हाय, म्हणून तर लोक म्हणत्यात ना, भूत हिचंच."

"शुक्रवारी सासऱ्यांनी का लावला?"

"दिवा माझ्याच हातात व्हता. मला रडू आलं. तवा त्यांनी काढून घेतला, म्हणले, पोरी, आज मी लावतो."

"खोलीत आणखी काही होतं?"

राजेश्वरी आठवू लागली. "तिवई व्हती. सकाळी मामंजींनीच आत नेऊन ठेवली. कशाला, ते बोलले न्हाईत. त्यांना बाहेर काढताना पायात आली, म्हणून म्या ती गोठ्यात फेकली. कुणी विचारलंच न्हाय."

बाईंनी राजेश्वरीकडं नीट पाहिलं. ती बुटकी होती, जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी. "आणि सासरे किती उंच?"

"दारातून वाकून येत्यात."

*

लोहाऱ्याचा शांतलिंग, सोलर बसवणारा, मोटारसायकलवरून तणतणतच आला.

"माझ्यावर ढकलू नका हां मॅडम! घुमटाचं भोक बगूनच म्या बॅटऱ्या आत ठेवल्या. ज्ञानोबा म्हणायचे, त्या भोकातनं घुबड येतंय, बुजवतो. म्या शपथ घातली, ते भोक बुजवू नका. त्यावरनं आमचं भांडणबी झालं."

"चार्जर?"

"शनवारी येऊन तारा सोडवल्या तवा बगितला. म्या लावलेला आकडा तो न्हवं. कुणीतरी वाढवलाय. बॅटरी भरली तरी बंदच व्हत नव्हता."

"पोळ्याच्या सुमारास तू इथं आला होतास?"

शांतलिंगचा चेहरा उतरला. "आलतो. पॅनल पुसायला. पण म्हणून काय…"

अंबादासनं बाईंना कोपरखळी मारली. त्याच्या दृष्टीनं तपास संपला होता. बाईंनी त्याला सोयाबीनच्या रानात पाठवलं, "घुमटावरून काय उडालंय ते बघ" म्हणून. तासाभरानं तो गुडघाभर चिखल आणि जाड काळ्या रबराचा तुकडा घेऊन आला. टायरच्या ट्यूबचा, गोल कापलेला, कडेला सिमेंट चिकटलेलं.

"अक्का, हे तर कुठल्या बी बैलगाडीचं असंल."

"असेल. पण बैलगाडी घुमटावर चढत नाही."

शेवटी धनाजी भेटला, ज्ञानोबांचा धाकटा भाऊ. जळकोटला हायवेवर ट्रकच्या बॅटऱ्या भरून द्यायचं त्याचं दुकान. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला बुक्का, बोलणं लोण्यासारखं. बाईंना खुर्ची त्यानंच आणून दिली, चहाही त्यानंच सांगितला.

"राजेश्वरी आमची लेकच हाय, मॅडम. पण तिच्या जिवाला भ्या हाय. माहेरी गेली तर सुटंल. मी सोता तिला पोचवीन, साडीचोळी करीन."

"शुक्रवारी तुम्ही इथं होता?"

"कुठलं! जळकोटला. दुसऱ्या दिशी सकाळी कळलं. तसाच सोलापूरला गेलो, तिथनं हिकडं. काय सांगायचं, दादानं कोनाड्यात दिवा टेकवला आन् काळानं झडप घातली. नशीब एकेकाचं."

"पोळ्याला आला होता?"

"पोळ्याला न येऊन कसं चालंल? बैलं हितंच की आमची. त्यो शांतलिंगबी व्हता तवा," धनाजी आवाज खाली आणून म्हणाला. "मी कुणाचं नाव घेत न्हाय. पण भूत असू द्या न्हायतर माणूस, पोरीनं हितं राहू नये."

बाईंनी चहा संपवला. कप खाली ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "चहात आलं तुम्हीच सांगितलंत का? छान आहे."

गाडीत अंबादासनं डोळे मिटले. "शांतलिंगच," तो म्हणाला आणि घोरू लागला. शाळेमागं उभ्या केलेल्या गाडीत तो पार सकाळपर्यंत घोरला.

*

सकाळी लिंबाखाली भावकी जमली. मधोमध शिवराजतात्या, सगळ्यात वडील. बाजूला राजेश्वरीनं बांधलेलं गाठोडं आणि त्यावर बसलेली सृष्टी. गाठोडं भावकीनं न सांगताच बांधून झालं होतं, इतकी तिची आशा सुटली होती.

"बोला मॅडम," तात्या म्हणाले. "पण पोथी लांबवू नका. भूत हाय का न्हाय, एवढंच सांगा."

"भूत आहे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

भावकी सावरून बसली.

"मी त्याच्याबरोबर तीस वर्षं काढली. ते दिसत नाही, त्याला वास नाही. पाण्यातून निघतं, आग होतं आणि पुन्हा पाणी होतं. त्याचं नाव हायड्रोजन. बॅटरी भरून झाल्यावरही आत वीज ढकलत राहिलं, की ती पाणी फोडते. त्याचे बुडबुडे सूं सूं करत वर येतात. ती कुजबुज ह्याचीच. आणि पाणी आटतं. मेलेल्या माणसांना तहान लागली असती, तर समोरचा भरलेला तांब्या सोडून त्यांनी तेजाबातलं पाणी प्यायलं असतं का?"

कुणीतरी हसलं.

"हा वायू हलका. घुमटाच्या टोकाशी जाऊन साठतो. म्हणून राजेश्वरीनं रोज भुईवर दिवा लावला तरी काही झालं नाही. आग खाली, वायू वर. शुक्रवारी तो पेटला तो वरच्या वर. गिलावा वरचा पडला, ज्ञानोबांचं तोंड आणि वर केलेला हात भाजला. धोतर कोरं, तांब्या भरलेला. आणि हायड्रोजन जळला की काजळी धरत नाही, त्याची वाफ होते. ती गार भिंतींवर बसली. भिंती रडल्या त्या अशा."

"म्हंजे," धुरपदाबाईंचा आवाज आला, "आमची माणसं आलीच न्हाईत?"

बाई धुरपदाबाईंकडं वळल्या.

"ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही, आजी," त्या म्हणाल्या. "दिवा लावत राहा. फक्त बॅटऱ्या दुसरीकडं न्या."

धुरपदाबाईंनी मान हलवली.

"आता माणसाकडं येते. टोकाचं भोक मोकळं असतं तर हायड्रोजन निघून गेला असता. ते पोळ्याला बुजवलं गेलं. तेव्हापासून घुमट घुमायचा थांबला. ट्यूबचा तुकडा कापून, सिमेंट लावून. घुबडासाठी ज्ञानोबांनीच बुजवलं असं म्हणावं, तर चार्जरचा आकडा घुबडानं वाढवला का? दोन्ही गोष्टी एकाच हातच्या, आणि तो हात बॅटरीत मुरलेला."

सगळ्यांच्या माना शांतलिंगकडं वळल्या. तो उठायला लागला.

"बस रे. अजून संपलं नाही. वायू साठवून भागत नाही, दिवा तिथवर न्यावा लागतो. आणि तुमच्या घरात तीस वर्षं दिवा भुईवर. मग ज्ञानोबांचा हात वर कशाला गेला? त्यांना कुणीतरी पटवलं होतं: बाकीची मातीखाली गेली, पण युवराज उघड्या रस्त्यावर गेला, त्याचा दिवा भुईवर नको, उंच कोनाड्यात ठेवा. दुःखी बापाला ते पटलं. म्हणून त्यांनी सकाळीच तिवई आत ठेवली."

"ज्ञानोबाला तिवई कशाला?" तात्यांनी विचारलं. "त्यो दारात वाकतो."

"बरोबर. तिवई त्यांच्यासाठी नव्हतीच. नवऱ्याचा दिवा बायकोनं लावायचा होता. तिवईवर चढून, डोकं थेट त्या वायूत घालून." बाईंनी राजेश्वरीकडं पाहिलं नाही. "ही रडली नसती आणि सासऱ्यांनी दिवा काढून घेतला नसता, तर आज तिला माहेरी धाडायचा प्रश्नच उरला नसता. जमिनीच्या वाट्याचाही नाही."

राजेश्वरीनं सृष्टीला गाठोड्यावरून ओढून पोटाशी धरलं.

"दिवा कोनाड्यात गेला, हे कुणी पाहिलं?" बाई पुढं म्हणाल्या. "आजी पाठमोऱ्या. खापऱ्या जमिनीवर. तिवई गोठ्यात. सगळी वस्ती आजही समजते की दिवा भुईवर होता. ज्ञानोबा कालपर्यंत बेशुद्ध. पण काल एकानं मला बोलता बोलता कोनाड्याचं सांगितलं. पाहिल्यासारखं."

"कोण त्यो?" तात्या कडाडले.

"मी नाव घेणार नाही. एवढ्यावर कुणाला दोषी धरणं बरं नाही. उद्या तो म्हणेल, अंदाजानं बोललो." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण गरजही नाही. काल संध्याकाळी अंबादास सोलापूरला जाऊन आला."

अंबादासनं तोंड उघडलं. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ते मिटलं.

"ज्ञानोबांना शुद्ध आलीय. तोंडाला पट्ट्या आहेत, बोलता येत नाही. अंबादासनं विचारलं, दिवा वर ठेवा असं कुणी सांगितलं? तर त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर नाव लिहिलं. एकेक अक्षर. अंबादासनं वाचलं, नर्सनं वाचलं. पोलीस निघालेत. त्याच्या आधी ज्याचं त्यानं उठून सांगितलं तर बरं."

शांतलिंग घाम पुसत होता. तात्या एकेकाच्या तोंडाकडं पाहत होते. खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला आणि पांढऱ्या शर्टातला धनाजी उभा राहिला. लोण्यासारखा आवाज पार फाटला होता.

"खोटं हाय! साफ खोटं बोलती ही बाई! दादानं उभ्या जन्मात पाटी धरली न्हाय, अंगठ्याबिगर त्याला काय येत न्हाय. त्यो माझं नाव लिवंलच कसा?"